पितळेची निगा : घासणे कमी, पुसणे अधिक

नाताळ, पुनरुत्थानाचा सण किंवा घरातील लग्नकार्य जवळ आले की माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरतात. पाटस, दौंड, शिरूर या पट्ट्यातील जुन्या घरांत घागर, कळशी, तांब्या, परात, समई आणि पाणी तापवायचा बंब यांपैकी काही ना काही अजून जपलेले आढळते. स्टीलच्या भांड्यांनी त्यांची रोजच्या वापरातील जागा घेतली. परंतु आजीच्या रुखवतात आलेली परात मोडीत घालण्यास सहसा कोणी धजावत नाही. चर्चमध्येही वेदीवरील मेणबत्तीदाण्या, धूपपात्र व क्रूस बहुधा पितळेचेच असतात.

पितळ कसे घासावे, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. किती घासावे आणि घासून झाल्यावर काय करावे, याकडे मात्र दुर्लक्ष होते. पितळ चकचकीत होते ते वरचा थर निघून गेल्यामुळे, आणि त्या थरात पितळेचाही थोडा अंश असतो. म्हणजे प्रत्येक घासणीत वस्तू किंचित झिजते. भांड्याच्या काठावर टोचून घातलेली नावे, गावे व साल हीच अनेक कुटुंबांची एकमेव लेखी आठवण असते, आणि ती प्रथम पुसली जाते. म्हणून या लेखात आम्ही केवळ घासण्याच्या रीती न देता, घासण्याची वेळच कमी कशी येईल, हेही सांगणार आहोत.

पितळ म्हणजे काय?

तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणातून पितळ तयार होते. ठोकून किंवा दाबून बनवायच्या भांड्यांसाठी साधारणपणे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असे प्रमाण प्रसिद्ध आहे. जस्त वाढले की रंग अधिक पिवळा व धातू अधिक कठीण होतो. ओतीव नळ, कड्या व स्क्रू यांच्या पितळेत कातकाम सोपे व्हावे म्हणून थोडे शिसेही मिसळतात. कांसे हा वेगळा धातू आहे. त्यात जस्ताऐवजी कथील असते. घंटेसाठी वापरल्या जाणाऱ्या कांशात सुमारे पाचवा भाग कथील असते, त्यामुळे त्याचा नाद खणखणीत येतो.

आपल्या जिल्ह्यात या कामाची जुनी परंपरा आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून तांबट समाज वसलेला आहे. तेथे हातोडीचे एकसारखे ठोके देऊन केलेले ‘मठारकाम’ आजही चालते. बंब व घंगाळी यांसाठी पुण्याचे नाव होते. विदर्भातील भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी, तर नाशिक तांब्या-पितळेच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. मठारलेल्या भांड्यावरील बारीक खळगे ही कारागिराची सही असते. जोराने घासल्यास तीही बुजते.

पितळ काळे का पडते?

उघड्या हवेत पितळेवर प्रथम प्राणवायूचा परिणाम होऊन तपकिरी छटा येते. हवेत गंधकयुक्त वायू असतील, तर तांब्याशी त्यांचा संयोग होऊन काळा थर बसतो. कोळशाचा, चुलीचा किंवा जळत्या रबराचा धूर हे त्याचे नेहमीचे उगम होत. ओलावा, मीठ आणि आम्ल एकत्र आले की हिरवा किंवा निळसर गंज चढतो. यालाच आपण कळंक म्हणतो, आणि त्यावरूनच ताक किंवा आमटी ‘कळकली’ असा शब्दप्रयोग रूढ झाला.

तपकिरी थर आणि कळंक यांतील भेद महत्त्वाचा आहे. एकसारखा पसरलेला तपकिरी थर खालच्या धातूचे काही अंशी रक्षणच करतो. तो केवळ दिसण्यास मंद असतो. हिरवा, भुकटीसारखा सुटणारा कळंक मात्र धातू खात जातो आणि बारीक खड्डे पाडतो. पहिला थर राहू दिला तरी चालेल, दुसरा तत्काळ काढावा.

स्थळाचाही यात वाटा आहे. वसईच्या किनाऱ्यावर खारट दमट हवेत ठेवलेली पितळी वस्तू लवकर डागाळते. पाटस-दौंडचा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. वर्षातील बराच काळ येथील हवा कोरडी असते, व पितळेस ती मानवते. परंतु पावसाळ्यातील ओल, चुलीचा व गुऱ्हाळांचा धूर आणि बोअरवेलचे जड पाणी या तीन गोष्टी येथेही पितळेच्या वैरी आहेत. जड पाण्याचे थेंब भांड्यावरच सुकले की त्यातील क्षार पांढरे ठिपके होऊन बसतात, आणि पुढे त्याच ठिपक्यांभोवती डाग वाढतो.

घासण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात

पहिली गोष्ट, वस्तू खरोखर पितळेची आहे का? लोहचुंबक लावून पाहावे. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड असून वर केवळ मुलामा आहे असे समजावे. अशी वस्तू घासल्यास मुलामा निघून जाईल आणि खालचे लोखंड गंजेल. ती फक्त ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी.

दुसरी गोष्ट, तिच्यावर लॅकर आहे का? अलीकडील शोभेच्या वस्तूंवर कारखान्यातच पारदर्शक लॅकर चढवलेले असते. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत दिसत असेल आणि एखाद्या ठिकाणी पापुद्रा सुटून तेवढाच भाग काळा पडला असेल, तर लॅकर आहे असे ओळखावे. लॅकर शाबूत असेपर्यंत चिंच, पूड किंवा ब्रश यांपैकी काहीही लावू नये. कोमट पाणी व मऊ फडके पुरते. लॅकर जागोजागी सुटले असेल, तर ते पूर्ण काढून नवे चढवणेच योग्य, आणि हे काम पॉलिशवाल्या कारागिराकडे द्यावे.

तिसरी गोष्ट, त्यावर नाव, नक्षी किंवा सोन्याचा मुलामा आहे का? असल्यास त्या भागापुरती घासण्याची सर्व द्रव्ये वर्ज्य समजावीत. जुने, दुर्मीळ किंवा ऐतिहासिक भांडे असेल, तर तपकिरी झाक तशीच राहू द्यावी. संग्रहालयांतही जुन्या धातूला नव्यासारखी चकाकी आणण्याचा आग्रह धरत नाहीत.

घरगुती रीत

आपल्याकडील चिंच, लिंबू, आमसूल व आंबट ताक या सर्वांचे कार्य एकच : त्यांतील आम्ल काळा थर विरघळवते. चिमूटभर मीठ घातले की हे काम वेगाने होते. राखेत क्षार असतो, तो तेलकटपणा काढतो. विटकरीची पूड किंवा रांगोळी मात्र धातू खरवडते. पूर्वी पातेल्याच्या जळक्या बुडासाठी ती वापरत असत, तेथेच ती ठीक होती. नक्षीच्या समईला किंवा गुळगुळीत तांब्याला ती लावू नये.

आम्ही पुढील क्रम सुचवतो :

१. प्रथम कोमट पाणी व सौम्य साबण यांनी धूळ, तेल व मेण काढावे. पुष्कळदा एवढ्यानेच वस्तू उजळते, आणि पुढील पायऱ्यांची गरज उरत नाही.

२. लिंबाएवढी चिंच कपभर पाण्यात भिजवून कोळ काढावा व गाळून घ्यावा. गाळल्याने चिंचोका आणि शिरा निघून जातात, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. त्यात चिमूटभर मीठ घालावे.

३. सुती फडक्याने कोळ लावून हलक्या हाताने दोन-तीन मिनिटे चोळावे. नारळाची शेंडी, तारेची घासणी व काथ्या टाळावेत. नक्षीच्या खाचांसाठी जुना मऊ टूथब्रश वापरावा.

४. भरपूर पाण्याने धुवावे. त्यानंतर लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून त्यात वस्तू बुडवावी. यामुळे खाचांत उरलेले आम्ल निष्प्रभ होते. ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते. चिंचेने घासलेले भांडे दोन दिवसांत पुन्हा काळवंडते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

५. शेवटची धुणी गाळलेल्या किंवा उकळून निवळलेल्या पाण्याने द्यावी, आणि पाणी सुकण्याची वाट न पाहता कोरड्या सुती कापडाने पुसावे. कडी, कान, तोंड आणि समईचे पेच यांतील ओल विशेष काळजीने टिपावी.

भांडे रात्रभर चिंचेत बुडवून ठेवू नये. तांब्यापेक्षा जस्त आम्लाला लवकर वश होते. ते आधी निघून जाते आणि पृष्ठभागावर तांबे उरते. पिवळे भांडे गुलाबी-तांबूस दिसू लागले तर हेच घडले असे समजावे. अशा वेळी आणखी आम्ल लावू नये. शौचालय स्वच्छ करण्याचे ॲसिड पितळेला लावण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी. ते धातू पोखरते, हात भाजते, आणि ब्लीचमध्ये मिसळले गेल्यास त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

समईतील तेल जुने झाले की त्यातील स्निग्ध आम्लांचा तांब्याशी संयोग होऊन हिरवा चिकट मेणासारखा थर तयार होतो. तो चिंचेने जात नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्यात समईचे सुटे भाग काही वेळ ठेवावेत, मग ब्रशने घासावेत. याच कारणाने पितळेला ‘चमक राहावी’ म्हणून खोबरेल लावून ठेवणे हितावह नाही. चार दिवस ते छान दिसते, नंतर धूळ धरते व हिरवे होते. चामड्याच्या पट्ट्यावरील पितळी बक्कल हिरवे का पडते, त्याचेही उत्तर यातच आहे. चामड्याला मऊपणासाठी दिलेली चरबी बकलाशी सतत संपर्कात राहते. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट असल्याने हा अनुभव तेथील अनेक घरांना परिचित असेल.

बाजारातील पूड व द्रव

ठाण्यात १९८९ साली सुरू झालेल्या पितांबरी उद्योगाची पूड आज महाराष्ट्रातील घरोघरी पोहोचली आहे. अशा पुडी झटपट काम करतात, म्हणूनच त्या थोड्या घ्याव्यात, ओल्या हाताने घ्याव्यात, आणि लगेच धुऊन टाकाव्यात. इंग्रजी अमलापासून रेल्वे, पोलीस व लष्करात प्रचलित असलेले ब्रासो हे द्रव १९०५ पासून बाजारात आहे. या प्रकारच्या द्रवात अतिशय बारीक घर्षक कण व अमोनिया असतो. ते फडक्यावर घेऊन चोळावे, सुकू द्यावे आणि स्वच्छ फडक्याने पुसावे. खाचांत उरलेली पांढरी भुकटी ब्रशने काढावी. खाण्यापिण्याच्या भांड्यांना हे द्रव लावू नये. काम खिडकी उघडी ठेवून करावे, ज्योतीपासून दूर राहावे, आणि काळे झालेले हात जेवणापूर्वी साबणाने धुवावेत.

गोठा, खत आणि पितळ

ग्रामीण वाचकांसाठी एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत असत. ती अनेकदा घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली असत. ऋतूनुसार घडणारा प्रकार म्हणून इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. जनावरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, हवेतील ओल आणि दाबून घडवलेल्या पितळेत उरलेला ताण हे तिन्ही एकत्र आले की धातूला भेगा जातात. काडतूस वरून धडधाकट दिसे, आणि तडा मात्र आरपार गेलेला असे.

हा नियम घागरीलाही लागू पडतो. अडगळ म्हणून पितळेची भांडी गोठ्याच्या पोटमाळ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ किंवा खतांच्या गोण्यांच्या खोलीत ठेवली जातात. हे टाळावे. काळे पडलेले भांडे घासून उजळते, परंतु चिरलेले भांडे घासून जुळत नाही.

चकाकी टिकवण्याचे उपाय

पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कोरडे, मऊ, सुती फडके. शोभेची वस्तू आठवड्यातून एकदा पुसली तर धूळ व तिने धरलेली ओल निघून जाते. दुसरा उपाय, उजळलेल्या वस्तूला उघड्या हाताने स्पर्श न करणे. घामातील मिठामुळे बोटांचे ठसे काही दिवसांतच तपकिरी होऊन उमटतात. वस्तू उचलताना फडके किंवा सुती हातमोजे वापरावेत.

तिसरा उपाय मेणाचा. पूर्ण कोरड्या वस्तूवर रंगहीन मेणाच्या पॉलिशचा अगदी पातळ हात द्यावा, काही मिनिटांनी स्वच्छ फडक्याने चोळून काढावा. संग्रहालयांत धातूच्या वस्तूंसाठी याच जातीचे शुद्ध मेण वापरतात. मेण हवा व ओल यांना अडवते आणि गरज पडेल तेव्हा काढताही येते. समईच्या वातीजवळचा भाग, धूपपात्राचा आतील भाग आणि स्वयंपाकाची भांडी यांना मात्र मेण लावू नये. लॅकर अधिक टिकते, पण ओरखडा पडला की त्याखाली डाग धरतो. हाताळणी कमी असलेल्या वस्तूंसाठीच ते योग्य होय.

चौथा उपाय साठवणीचा. वस्तू धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवावी. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो व ओल धरतो. रबरबँडमध्ये गंधक असते, तो जेथे आवळला जातो तेथे काळी रेघ उमटते. लोकरीच्या कापडातही गंधक असते. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेल्या भांड्याची आतली ओल आतच राहते.

स्वयंपाकाची भांडी आणि कल्हई

पितळेच्या पातेल्यात शिजवायचे असेल, तर आतून कल्हई हवीच. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. भांडे तापवून नवसागराने स्वच्छ करतात, त्यावर कथील वितळवून कापसाने किंवा फडक्याने फिरवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये. आतून पिवळे दिसू लागले की पुन्हा कल्हई करून घ्यावी. कल्हईवर तारेची घासणी किंवा पूड फिरवू नये.

कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, दही, चिंचेची आमटी, लोणचे किंवा लिंबाचे सरबत ठेवू नये. तांबे त्यात उतरते व मळमळ, उलटी, पोटदुखी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील तांब्याची मार्गदर्शक मर्यादा दर लिटरला २ मिलिग्रॅम ठेवली आहे. कळंक दिसणाऱ्या भांड्यातील पाणी पिऊ नये. कल्हईवाल्याची हाक आता क्वचितच ऐकू येते, तरी तालुक्याच्या गावी किंवा पुण्याच्या भांडी बाजारात चौकशी केल्यास कारागीर मिळतो. दोन-तीन घरांनी मिळून भांडी दिली तर त्यालाही येणे परवडते.

चर्चमधील वस्तू

वेदीची सेवा करणाऱ्या बंधुभगिनींना वरील सर्व सूचना उपयोगी पडतील. त्यांत काही खास गोष्टींची भर घालावी लागेल. मेणबत्तीदाणीवरील मेण सुरीने खरवडू नये. गरम पाण्यात बुडवून ते मऊ करावे आणि फडक्याने काढावे. ते पाणी मोरीत न ओतता थंड होऊ द्यावे, म्हणजे वर आलेले मेण उचलून टाकता येते. धूपपात्रातील राळ व काजळी उपासनेनंतर लवकर काढली तर सहज निघते. साचून राहिली की तिला घासावे लागते. फुलदाणीतील पाणी रोज बदलावे. पवित्र जलात मीठ मिसळलेले असल्यास पितळी जलपात्राच्या आत काच किंवा स्टीलचे भांडे बसवावे, कारण मीठ पितळेत खड्डे पाडते.

मिस्सासाठी वापरल्या जाणाऱ्या पवित्र पात्रांना पूड किंवा द्रव कदापि लावू नये. सोन्याहून कमी प्रतीच्या धातूची पात्रे आतून सोन्याच्या मुलाम्याची असावीत, असा उपासनेचा सर्वसाधारण नियम आहे. हा मुलामा फारच पातळ असतो आणि थोड्या घासण्यातही निघून जातो. अशा पात्रांविषयी धर्मगुरूंच्या सूचनेप्रमाणेच करावे.

घंटा घासून पिवळी करण्याचा मोह टाळावा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज चर्चमधील अनेक घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. आपल्याच जिल्ह्यातील भीमाशंकर येथे त्यांपैकी एक आहे. अशा घंटांवरील क्रूस, अक्षरे व साल हाच त्यांच्या प्रवासाचा पुरावा आहे. आपल्या चर्चच्या घंटेवरही दात्याचे नाव किंवा साल असेल, तर त्याचे छायाचित्र काढून धर्मग्रामाच्या नोंदवहीत ठेवावे, आणि घंटा केवळ कोरड्या फडक्याने पुसावी.

वर्षाचा क्रम

सारांश म्हणून आम्ही एक साधे वेळापत्रक देतो. आठवड्यातून एकदा कोरडे पुसणे. महिन्यातून एकदा कळंकाची तपासणी, विशेषतः कडी, सांधे व बूड येथे. पावसाळ्यापूर्वी वस्तू धुऊन, पूर्ण सुकवून, मेणाचा पातळ हात देऊन ठेवणे. चिंच किंवा पूड वर्षातून एकदा, फार तर दोनदा. नाताळ व पुनरुत्थानाच्या सणापूर्वीचा मुहूर्त त्यासाठी सोयीचा आहे. घासण्याआधी भांड्यावरील नाव कागदावर उतरवून घ्यावे आणि घरातील मुलांना ते कोणाचे, हे सांगावे. अक्षरे पुसट झाली तरी त्यामागचे नाव मग घरात टिकून राहील.